चिठ्ठी नसलेलं दार

आमच्या मांडवगण फराट्यात लहानपणी मला सगळ्यात रुबाबदार माणूस वाटायचा तो चिटबॉय. सरपंच नाही, तलाठी नाही, चिटबॉय. साखर कारखान्याचा हा माणूस फडात यायचा. खिशाला पेन, हातात चिठ्ठ्यांचं पुस्तक. ऊस तोडून ट्रॉलीत भरला की तो चिठ्ठी फाडून द्यायचा. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, टोळी आणि गाडी, एवढं त्यावर असायचं. ती चिठ्ठी ड्रायव्हरच्या खिशात गेली की ऊस निघाला.

भीमेच्या अलीकडे आमचा शिरूर तालुका, पलीकडे दौंड. दोन्हीकडे ऊसच ऊस. हंगामात रात्रीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागायची, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि गाणी एवढ्या जोरात की बिबट्यासुद्धा वाट बदलत असेल. रस्ता एकच. आमचा ऊस, पाटलांचा ऊस, आम्हाला कधी नीट न बोलणाऱ्या भावकीचा ऊस, सगळा त्याच रस्त्यानं जायचा. तरी काट्यावर कुणाच्या उसाचं वजन दुसऱ्याच्या खात्यावर चढायचं नाही, कारण चिठ्ठी. आणि चिठ्ठी नसेल तर गाडी गेटवरच अडायची. एकदा अब्बांच्या गाडीची चिठ्ठी वाटेत उडाली. गाडी रात्रभर गेटबाहेर उभी, ऊस वाळतोय, आणि अब्बा परत फडात चिटबॉयला शोधतायत.

पुढे मी पुण्यात नेटवर्कच्या कामाला लागलो. वर्गात सरांनी व्हीलॅन शिकवायला घेतलं. पोरं वहीत आकृत्या काढत होती. मला मात्र समोर आमचा रस्ता दिसत होता. एकाच तारेतून वेगवेगळ्या लोकांची पाकिटं जातात. कोणतं पाकीट कुणाचं हे कळावं म्हणून प्रत्येकावर चार बाइटची चिठ्ठी चिकटवतात, तिला टॅग म्हणायचं. त्यात 12 बिट नंबरासाठी, म्हणजे 4096 नंबर. पहिला आणि शेवटचा राखीव, उरले 4094. 802.1 क्यू नावाचा हा नियम 1998 साली आला. (मोठ्या क्लाउडवाल्यांना पुढे 4094 सुद्धा कमी पडले. मग व्हीएक्सलॅन आलं. त्यात नंबरासाठी 24 बिट, म्हणजे 1 कोटी 67 लाखांच्या वर चिठ्ठ्या. एवढ्या सभासदांचा कारखाना काही मी पाहिलेला नाही.)

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. ती सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचं सर्व्हरचं काम मी बघतो. नाव सांगत नाही. संस्था छोटी, माणसं चांगली. ठेवीदार म्हणजे उसाचं बिल आलं की त्यातलं थोडं बाजूला टाकणारे शेतकरी, दूधवाले, किराणा दुकानदार, दोन-चार मास्तर. अब्बांचंही खातं तिथे आहे. ते व्याज घेत नाहीत, म्हणून चालू खातं. मॅनेजर साहेबांनी त्यांना कितीदा तरी समजावलं की मुदत ठेव करा, पैसे नुसते पडून आहेत. अब्बा म्हणाले, ‘पडू द्या, अमानत आहे, बाकी काही नको.’

संस्थेत दोन सर्व्हर आहेत. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा संगणक असायचा. आता एका पेटीतच सात-आठ आभासी संगणक चालतात, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकात खात्यांचा डेटाबेस, एकात कर्मचाऱ्यांच्या फायली, एकात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. हे सगळे एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी बोलणार कसे? खऱ्या ऑफिसात भिंतीवर स्विच असतो आणि त्यात तारा खोचलेल्या असतात. इथे पेटीच्या पोटात सॉफ्टवेअरचाच स्विच असतो. मी वापरतो तो ओपन व्हीस्विच. 2009 पासूनचा हा प्रकल्प, फुकट आणि भक्कम. 2012 मध्ये लिनक्सच्या 3.3 आवृत्तीत त्याचा गाभा आला आणि 2016 पासून तो लिनक्स फाउंडेशनकडे आहे. प्रत्येक आभासी मशीन सुरू झाली की या स्विचला एक नवं दार फुटतं. त्याला पोर्ट म्हणायचं. मशीन बंद झाली की दार नाहीसं.

या दाराला सांगावं लागतं की तुझा नंबर कोणता. मी आखणी साधी ठेवली होती. खात्यांना 10, ऑफिसला 20, कॅमेऱ्यांना 30, पाहुण्यांच्या वायफायला 40. दाराला 10 सांगितलं की त्या मशीनमधून निघालेल्या प्रत्येक पाकिटावर स्विच स्वतः 10 ची चिठ्ठी लावतो आणि तिच्याकडे फक्त 10 चीच पाकिटं सोडतो, तीही चिठ्ठी काढून. मशीनला यातलं काहीच कळत नाही. आपण कोणत्या व्हीलॅनमध्ये आहोत, आपल्याला चिठ्ठी लागलीय की नाही, याचा तिला पत्ताच नसतो.

इथे ब्लॉगचे जुने वाचक सावरून बसले असतील, की आता हा माणूस पुण्यात घर शोधण्याच्या गोष्टीवर येणार. येतो, पण एकाच ओळीपुरता. फोनवर अर्धा तास मराठीत बोलणं होतं, भाडं ठरतं, पार्किंग ठरतं, मग नाव विचारतात आणि पोर्टवर चिठ्ठी लागते. मशीनला कळत नाही, आपल्याला कळतं. असो. नेटवर्कमधली वेगळी खोली दुसऱ्याचं रक्षण करायला असते. म्हणून मी ती दिवसभर निमूट बांधत बसतो. त्यात मला काही सलत नाही.

तर कॅमेऱ्याची मशीन. कॅमेरे बसवणारा माणूस आला तेव्हा मी घाईत होतो. त्यानं त्याची तयार मशीन पेनड्राइव्हवर आणली होती. ती सर्व्हरवर चढवली, सुरू केली, चित्र दिसायला लागलं. तोही खूश, मॅनेजर साहेबही खूश. नंबराचा रकाना मी रिकामा सोडला. मनात असं की रिकामा म्हणजे काहीच नाही. नंतर भरू.

रिकामा म्हणजे काहीच नाही, असं नसतं. ओपन व्हीस्विचमध्ये ज्या दाराला नंबर सांगितला नाही आणि कोणते नंबर चालतील याची यादीही दिली नाही, ते दार ट्रंक समजलं जातं. ट्रंक म्हणजे सगळ्या चिठ्ठ्यांना मुभा. सगळ्या व्हीलॅनची पाकिटं तिथे येऊ शकतात. वर त्या मशीनला स्वतःच हवी ती चिठ्ठी लावून पाकीट सोडता येतं. दोष स्विचचा नाही, त्याच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलंही होतं. परीक्षेसाठी वाचलेलं होतं, एवढंच.

सगळे स्विच असे नसतात, हेही गोंधळाचं एक कारण. मी आधी व्हीएमवेअरवर काम करायचो. तिथल्या साध्या स्विचमध्ये सगळ्या चिठ्ठ्या सोडायच्या असतील तर मुद्दाम 4095 हा नंबर टाकावा लागतो. काही टाकलं नाही तर शून्य, म्हणजे एकही चिठ्ठी नाही. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्येही नवी मशीन बिनचिठ्ठीची असते आणि ट्रंक करायला वेगळी आज्ञा द्यावी लागते. तिकडे दार उघडायला हात लावावा लागतो, इकडे लावायला. हाताला जुनी सवय होती.

लक्षात कसं आलं? कॅमेऱ्याचं चित्र अडकत अडकत यायला लागलं होतं. मी त्या मशीनमध्ये शिरून येणारी-जाणारी पाकिटं बघत बसलो. बघताना प्रत्येक पाकिटाचा वरचा पत्ताही दिसेल असा पर्याय लावला होता. पडद्यावर ओळी सरकत होत्या. मधेच एक ओळ आली, तिच्यात व्हीलॅन 10. कुणीतरी विचारत होतं, अमुक पत्त्याचा संगणक कुठे आहे? तो अमुक पत्ता खात्यांच्या डेटाबेसचा होता.

मी खुर्चीत सरळ झालो. कॅमेऱ्याच्या मशीनला खात्यांच्या खोलीतल्या हाका ऐकू येत होत्या.

ऐकू येणं वेगळं, बोलता येणं वेगळं. म्हणून मी त्याच मशीनमध्ये 10 नंबरचं एक उपकनेक्शन तयार केलं, त्याला खात्यांच्या रांगेतला एक मोकळा पत्ता दिला आणि डेटाबेसला हाक मारली. लगेच उत्तर आलं. मध्ये फायरवॉल नाही, कुणी अडवणारं नाही. त्या मशीनमध्ये तर बाहेरून दुरुस्तीसाठी शिरायचं सॉफ्टवेअर चालू होतं, आणि त्याचा पासवर्ड कॅमेरेवाल्याकडे होता, त्याच्या पोरांकडे होता, आणखी कुणाकडे होता ते त्यालाही सांगता आलं नाही.

भिंतीवरचा महागडा स्विच आणि फायरवॉल काय करत होते, असं कुणी विचारेल. काही नाही. दोन्ही मशीन एकाच पेटीत असल्या की त्यांचं आपसातलं बोलणं पेटीच्या पोटातल्या पोटात होतं. ते तारेवर येतच नाही. बाहेरच्या पहारेकऱ्याला त्याची चाहूलही लागत नाही. ऑफिसात मी लाल, निळ्या, पिवळ्या तारा लावलेल्या होत्या. कोणती तार कुठे जाते ते लांबून दिसायचं आणि मला त्याचा फार अभिमान. आभासी दाराला तार नसते, त्यामुळे रंगही नसतो. विचारलं तरच ते सांगतं.

पुण्याच्या माणसाला अशा वेळी 2018 चा ऑगस्ट आठवतोच. 11 आणि 13 ऑगस्टला कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यातले बरेचसे 28 देशांतल्या एटीएममधून काढले गेले. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं त्या प्रकरणात 11 जणांना शिक्षाही केली. त्या बातम्यांत ‘स्विच’ हा शब्द रोज यायचा. तो स्विच वेगळा. कार्डाचे व्यवहार मंजूर करणारी ती यंत्रणा, आणि चोरट्यांनी तिच्यासारखीच दुसरी उभी करून मंजुऱ्या दिल्या असं समोर आलं. माझ्या दाराचा आणि त्या प्रकरणाचा तांत्रिक संबंध काही नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली, तेव्हापासून आमच्यासारख्या छोट्या संस्थांच्या संचालकांनाही ‘स्विच’ म्हटलं की घाम फुटतो. त्या संध्याकाळी मला फुटला.

मी तिथल्या तिथे आज्ञा दिली, कॅमेऱ्याच्या दाराला 30 नंबर. पुन्हा डेटाबेसला हाक मारली, उत्तर नाही. सुटलो, असं वाटलं. मॅनेजर साहेबांना अजून काही बोललो नव्हतो. म्हटलं, आधी ईद होऊ दे, मग नीट कागदावर मांडून सांगू. 2024 ची रमजान ईद एप्रिलात, 11 तारखेला होती. मी गावी गेलो.

त्या आठवड्यात वळीव झाला, रात्री लाईट गेली. गावात आम्ही अंगणात गप्पा मारत होतो आणि तिकडे संस्थेत बॅटरीनं जेवढा दम धरायचा तेवढा धरला. मग सर्व्हर बंद पडले आणि लाईट आल्यावर आपोआप सुरू झाले. सगळं चालू झालं म्हणून कुणी फोनही केला नाही.

मी वर लिहिलं आहे ना, मशीन बंद झाली की तिचं दार नाहीसं होतं? पुन्हा सुरू झाली की नवं दार. नव्या दाराला नंबर मिळतो तो मशीनच्या नोंदीतून. मी नंबर दिला होता जुन्या दाराला, चालत्या स्विचमध्ये, हातानं. मशीनच्या नोंदीतला रकाना अजूनही रिकामा होता. दार पुन्हा सताड उघडं. मला हे कळलं अकरा दिवसांनी, तेही कागदावर मांडायला आकडे गोळा करत होतो म्हणून.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी अब्बांबरोबर उसाला पाणी द्यायला गेलो होतो. या सरीचं दार मोडायचं, त्या सरीचं लावायचं. मी खोऱ्यानं माती ओढून दार लावलं आणि बांधावर येऊन बसलो. अब्बा बॅटरी घेऊन सरीच्या खालच्या टोकाला निघाले. म्हटलं, लावलं की मी. घरात आमची दखनी चालते. ते म्हणाले, ‘लगाया बोल के क्या होता? नीचे जाके देखा क्या?’ खाली गेले, परत आले, आणि मी लावलेल्या दारातून पाणी झिरपत होतं तिथे आणखी दोन खोरी माती टाकली. तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. अकरा दिवसांनी त्या रिकाम्या रकान्याकडे बघताना वाटलं.

आता लपवणं शक्य नव्हतं. मॅनेजर साहेबांनी चेअरमनसाहेबांनाही बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं, व्हीलॅन, ट्रंक, टॅग. मॅनेजर साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले,

‘भाई, एकच सांगा. पैसे गेले का?’

‘नाही साहेब.’

‘कुणी आत आलं होतं का?’

इथे मी अडकलो. डेटाबेसच्या लॉगिनच्या नोंदी मी पूर्ण तपासल्या होत्या. सगळे पत्ते ओळखीचे, चुकीच्या पासवर्डचा एकही प्रयत्न नाही. पण कोण नुसतं डोकावून गेलं, हे स्विच सांगू शकत नाही. कोणत्या दारामागे कोण आहे याची यादी तो ठेवतो, पण कुणी गप्प बसला की मूळ मांडणीत 300 सेकंदांनी त्याचं नाव विसरतो. पाच मिनिटांची आठवण असलेल्या साक्षीदाराला काय विचारणार?

‘आत आल्याची खूण नाही,’ मी म्हणालो, ‘पण कुणीच आलं नाही असं शपथेवर सांगता येणार नाही.’

मॅनेजर साहेबांना हे उत्तर आवडलं नाही. मलाही आवडलं नव्हतं. चेअरमनसाहेब स्वतः ऊसवाले. ते म्हणाले, ‘मला त्या इंग्रजीतलं काही कळलं नाही. साध्या भाषेत सांगा.’

मी म्हटलं, ‘साहेब, फडात चिटबॉय असतो. चिठ्ठी तो देतो. चिठ्ठी नसेल तर गाडी गेटवर अडते. मी कॅमेऱ्याच्या गाडीला चिठ्ठीच दिली नाही. कारखान्यात ती अडली असती. इथे उलटं आहे. चिठ्ठी नाही दिली तर…’

त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ‘म्हणजे ड्रायव्हरच्याच हातात चिठ्ठीबुक दिलं की तुम्ही! ज्याचं नाव लिहील त्याच्या खात्यावर!’

‘हो साहेब.’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘भाई, आमच्या बायकांच्या बचतगटाचेही पैसे आहेत त्याच्यात.’ ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी मला काढलं नाही. एक महिना मी पैसे घेतले नाहीत, तो माझा निर्णय. डेटाबेसचे सगळे पासवर्ड बदलले. कॅमेरेवाल्याचं बाहेरून शिरणं बंद केलं. आता त्याला यायचं असेल तर फोन करतो, मी तेवढ्यापुरतं उघडतो आणि तो गेला की लावतो. नंबर आता मशीनच्या नोंदीत लिहिलेले आहेत आणि प्रत्येक बदलानंतर मशीन एकदा बंद करून सुरू करतो, नवं दार कसं उघडतंय ते बघायला. पेटीतून बाहेर जाणाऱ्या खऱ्या तारेवर सगळे 4094 नंबर मोकळे होते, तिथे आता चारच आहेत. आणि तपासणी स्विचला विचारून करत नाही. प्रत्येक मशीनच्या आत शिरून, जिथे जायचं नाही तिथे हाक मारून बघतो. अब्बांनी बॅटरी घेऊन केलं तेच.

एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला. रोज पहाटे पाचला तो स्विचची सगळी दारं मोजतो आणि मला एक ओळ पाठवतो: नंबर नसलेली दारं, इतकी. बाहेरची तार सोडून हा आकडा शून्य पाहिजे. फजरला उठतो तेव्हा आधी ती ओळ बघतो, मग वजूला जातो. क्रम उलटा पाहिजे हे मलाही कळतं. अम्मीनं दोनदा टोकलंय.

गेले कित्येक महिने शून्यच येत होता. परवा 1 आला. संस्थेतल्या नव्या पोरानं हजेरीच्या अंगठ्याच्या यंत्रासाठी एक मशीन चढवली होती. यंत्र चालू झालं होतं, तो खूश होता, आणि नंबराचा रकाना रिकामा होता. सव्वापाच वाजले होते. तरी मी त्याला फोन लावला.